अठ्ठेचाळीस खणांचं कपाट

मी कटरचा खटका दाबला आणि पलीकडच्या घरातून मालनकाकूंची आरोळी आली, "वैजेऽऽ! बंद कर ते! टीव्ही गेला!"

मी खटका सोडला. टीव्ही आला असावा, कारण आरोळी थांबली. परत दाबला. परत आरोळी. मग मी तिसऱ्यांदा दाबला. दोन निरीक्षणांवरून निष्कर्ष काढायचा नाही, असं आम्हाला कॉलेजात शिकवलं होतं.

"तिसऱ्यांदा कशाला गं?" दारातल्या स्टुलावर बसलेले आण्णा म्हणाले.

"खात्री करत होते."

"आता ती लाटणं घेऊन येईल. मग होईल खात्री."

ही चौदा वर्षांपूर्वीची गोष्ट, पलूसमधली. मी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करून घरी परतले होते आणि माझ्या वडिलांचा, म्हणजे आण्णांचा, उजवा खांदा धरला होता. आण्णा सुतार. आडनावाने आणि कामानेही. तीस वर्षं रंधा मारून खांद्याचं असं झालं होतं की रंध्यावर जोर द्यायला हात पुढे गेला की ते दातावर दात दाबायचे. त्यांनी कुणाला न विचारता ठरवून टाकलं होतं. दसऱ्यानंतर सांगलीतल्या एका फर्निचरच्या शोरूममध्ये आलेला माल उतरवून घ्यायच्या कामावर जायचं. आणि आमच्या कामाची पत्र्याची शेड जागेचे मालक बाबासाहेब नलवडे यांना परत द्यायची. नलवड्यांना तिथे खताची पोती ठेवायची होती. दसऱ्याला दुपारनंतर ते किल्ली न्यायला येणार होते.

मला शेड हवी होती. का, ते तेव्हा नीट सांगता आलं नसतं. मास्तरकीच्या दोन मुलाखती देऊन आले होते आणि दोन्ही वेळा परतीच्या एसटीत मला सागाच्या भुशाचा वास आठवत होता, एवढंच. कोल्हापुरातला एक इंटिरिअरवाला परदेशी निघाला होता, त्याच्याकडून मी तीन जुनी मशिनं आणली. गोल पात्याचं कटर, खाचा पाडायचा राऊटर आणि एक ड्रिल. आण्णांनी तिन्हीकडे बघितलं आणि म्हणाले, "खेळणी चांगली आहेत."

त्याच आठवड्यात डॉक्टर अश्लेषा कोरे शेडमध्ये आल्या. होमिओपॅथीच्या. दसऱ्याला सकाळी अकराला त्यांचा नवा दवाखाना उघडणार होता आणि त्यांना औषधांच्या बाटल्यांसाठी कपाट हवं होतं. अठ्ठेचाळीस छोटे खण. आण्णा नाही म्हणणार, तोवर मी हो म्हणून बसले.

डॉक्टर गेल्यावर आण्णांनी दारातलं स्टूल आत ओढलं. मग म्हणाले, "अठ्ठेचाळीस खण म्हणजे काय ते कळतंय का तुला? एक खण चुकला की कपाट चुकलं."

"मशीनवर सगळे सारखेच निघतात, आण्णा."

"चूकसुद्धा सारखीच निघेल."

"दसऱ्याला अकरा वाजता कपाट पुरं झालं तर?"

"तर काय?"

"तर शेड ठेवायची. मी चालवणार."

आण्णांनी कानावरची पेन्सिल काढली, तिचं टोक बघितलं, परत कानावर ठेवली. "आणि नाही झालं तर किल्ली नलवड्यांना. मग रडायचं नाही."

"नाही रडणार."

कटर मी जुन्या टेबलाला खालून उलटं लावलं, म्हणजे पातं टेबलातून वर डोकावेल आणि लाकूड त्यावरून सरकवता येईल. मालनकाकूंशी तह झाला, त्यांच्या मालिकेच्या वेळा सोडून मी मशीन चालवायची. भारनियमनाचे तास वगळता आणि मालिकांचे तास वगळता माझ्याकडे दिवसाचे पावणेपाच तास उरत. मी ते आलेखाच्या कागदावर काढून भिंतीला चिकटवले.

पहिली फळी सरकवली. कटरने आवाज तर असा केला की शेडवरची कबुतरं उडाली, पण फळी काही कापली जाईना. ती काळी पडली आणि धूर निघाला.

"लाकूड कापतेयस का शिजवतेयस?" आण्णांनी विचारलं.

मी मोटरचा वेग तपासला, विजेचा दाब मोजला, वायरची लांबी आणि जाडी घेऊन दाब किती पडत असेल त्याचं गणित मांडलं. दाब खरंच कमी भरला. नवी जाड वायर आणून ओढली. परत धूर. ह्यात दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी आण्णा चहाचा कप घेऊन टेबलाशी आले, वाकून पात्याकडे बघितलं आणि म्हणाले, "ह्याचे दात कुणाकडे बघून हसतायत?"

पातं मी उलटं बसवलं होतं. दात लाकडाकडे पाठ करून फिरत होते.

सुलटं बसवलं. फळी सरकवली. आणि मग जे झालं ते मला आजही सांगावंसं वाटतं. एक सरळ, स्वच्छ, फिकट पिवळी रेघ फळीतून पुढे गेली, दोन तुकडे अलगद बाजूला झाले, आणि कापलेली कड हाताला काचेसारखी लागली. मी कड आण्णांपुढे धरली. त्यांनी अंगठा फिरवला. एकदा ह्या बाजूने, एकदा त्या बाजूने.

"हूं," म्हणाले.

आण्णांचं 'हूं' म्हणजे काय, ते आमच्या घरात आईलाच कळायचं. मी आईकडे धावले. ती म्हणाली, "कसं म्हणाले? तोंड मिटून का उघडं ठेवून?"

"मिटून."

"मग बरं आहे."

खणांच्या दर्शनी बाजूसाठी आण्णांनी राखून ठेवलेला जुना साग होता. बाराशे मिलिमीटर लांबीच्या पाच फळ्या, एकाच झाडाच्या, एकसारख्या रेषांच्या. प्रत्येक तोंड एकशेवीस मिलिमीटरचं. एका फळीत दहा, पाच फळ्यांत पन्नास. अठ्ठेचाळीस हवीत, दोन शिल्लक. मी व्हर्निअर कॅलिपर लावून हिशेब तीनदा तपासला. टेबलावर एकशेवीसवर अडसर ठोकला, म्हणजे दर वेळी मोजायला नको. फळी अडसराला टेकवायची, कापायची, परत टेकवायची, परत कापायची. पाचही फळ्या मी एका दमात संपवल्या. तुकडे पटापट पडत होते आणि मी चक्क गुणगुणत होते.

मग रचायला घेतले. नऊ बरोबर एकशेवीस. दहावा त्र्याण्णव.

दुसऱ्या फळीचेही नऊ एकशेवीसचे. दहावा त्र्याण्णव. पाचही फळ्यांचं तेच. मी परत व्हर्निअर लावलं. फळ्या आधी बाराशेच होत्या, मीच मोजल्या होत्या. प्रत्येक फळीतून सत्तावीस मिलिमीटर साग नाहीसा झाला होता.

"आण्णा, फळी आखडते का? कापताना? उष्णतेनं?"

आण्णा स्टुलावरून उठले. रचलेल्या तुकड्यांकडे बघितलं. मग टेबलाखाली बघितलं. तिथे भुशाचा घोट्याएवढा ढीग होता. त्यांनी पायाने तो ढीग जरा हलवला.

"हा भुसा कुठनं आला गं?"

मी ढिगाकडे बघत राहिले. पातं तीन मिलिमीटर जाड होतं. नऊ काप. नऊ त्रिक सत्तावीस. वस्तुमान नष्ट होत नाही, हे मी सातवीत शिकले होते आणि एम.एस्सी.ला त्यावर सत्तर मार्कांचा पेपर दिला होता.

"मशीनवर सगळे सारखेच निघतात," आण्णा म्हणाले, आणि परत स्टुलावर जाऊन बसले.

मी रडले नाही. तसं ठरलं होतं. पण त्या दिवशी जेवलेही नाही. त्या झाडाचा साग आता नव्हता आणि दुसरा लावला तर रेषा जुळल्या नसत्या. माझ्याकडे मोठी तोंडं पंचेचाळीस होती आणि बुटकी पाच. दुसऱ्या दिवशी सकाळी दात घासताना सुचलं. कपाटात आठ उभ्या रांगा, प्रत्येकीत सहा खण. सात रांगा मोठ्या केल्या तर बेचाळीस तोंडं लागतात. तीन मोठी उरतात. त्यातलं एक कापून बुटकं केलं तर बुटकी होतात सहा. आठवी रांग अरुंद!

मी तोंडातला फेस न पुसता शेडमध्ये जाऊन आण्णांना सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"डॉक्टरणीनं विचारलं, ही रांग बारीक का, तर?"

"खरं सांगीन."

"हूं," म्हणाले. ह्या वेळी तोंड उघडं होतं की मिटलेलं, ते बघायचं राहिलं.

पुढचे पंधरा दिवस राऊटरचे. ह्या मशीनला खाली एक छोटं पातं असतं, ते मिनिटाला हजारो वेळा फिरतं आणि लाकडात खाच पाडतं. खणाचा तळ त्या खाचेत बसतो. राऊटर डावीकडून उजवीकडे न्यायचा असतो. उलटा नेला तर तो आपल्या मर्जीनं पळतो, साखळी तोडलेल्या कुत्र्यासारखा. हे मला खणांच्या बाजूंचे चार तुकडे खराब झाल्यावर कळलं. मग त्याचं पातं मोडलं. नवं आणायला सांगलीला गेले, तिथे त्या मापाचं नव्हतं. इस्लामपुरात मिळालं, तर घरी येईपर्यंत वीज गेलेली.

असं करत करत खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी कपाटाचा सांगाडा उभा होता आणि छत्तीस खण तयार होते. ते आपापल्या घरात जाताना अडत होते, पण ते घासून जमलं असतं. बारा खणांच्या खाचा राहिल्या होत्या. राऊटरचं दोन तासांचं काम. नवमीच्या सकाळी करायचं आणि दसऱ्याला कपाट पोचवायचं, असं माझं गणित होतं.

नवमीला आमच्यात हत्यारांची पूजा असते. पूजेला ठेवलेलं हत्यार दुसऱ्या दिवशी उत्तरपूजा होईपर्यंत उचलायचं नाही. हे मला माहीत होतं आणि मी ते गणितात धरलं होतं. आण्णांची हत्यारं पूजेत असतील. माझी मशिनं तर खेळणी होती.

सकाळी अंघोळ करून शेडमध्ये गेले. पाटावर रंधे, पटाश्या, करवती, गुण्या, सगळं ओळीने मांडलं होतं. हळदकुंकू वाहिलेलं. आणि शेवटी, त्याच ओळीत, माझं कटर, माझं ड्रिल, माझा राऊटर. राऊटरच्या वायरची नीट गुंडाळी करून तिच्यावर झेंडूची माळ घातली होती.

आण्णा उदबत्ती लावत होते.

"आण्णा, मला आज राऊटर पाहिजे."

"आज हत्यार उचलायचं नाही."

"पण ते हत्यार कुठे आहे? तुम्हीच म्हणत होता, खेळणी!"

"म्हणत होतो."

"बारा खण राहिलेत. उद्या अकराला द्यायचंय. तुम्हाला माहीत आहे!"

"माहीत आहे."

"मग तुम्ही मुद्दाम केलंत हे."

त्यांनी उदबत्ती खोचली. "शेडीतलं हत्यार पूजेबाहेर ठेवून चालत नाही, वैजू. हात मागतं ते, रक्त काढतं."

मला प्रचंड राग आला होता. माळ काढून राऊटर उचलायला एक सेकंद लागला असता. मी पाटापर्यंत गेलेसुद्धा. आई प्रसादाची वाटी घेऊन दारात आली होती. ती माझ्याकडे बघत राहिली. मी मागे फिरले.

"पॉलिश पेपर हत्यार आहे का?" मी विचारलं.

आण्णांनी विचार केला. खरोखर विचार केला, कपाळाला आठ्या घालून. "नाही. कागद आहे."

"गोंद?"

"गोंद चालेल."

"टेप?"

त्यांनी पाटाकडे बोट केलं. मोजायची टेप पूजेत होती. पेन्सिलही होती, कुंकवाचं बोट लावलेली. माझं व्हर्निअर कॅलिपर पटाशीशेजारी ठेवलं होतं, त्याच्यावर झेंडूची एक पाकळी.

तो अख्खा दिवस मी मोजल्याशिवाय काढला. माझ्यासाठी हे चष्म्याशिवाय चालण्यासारखं होतं. अडणारा खण घ्यायचा, त्याच्याच घरात सरकवायचा, कुठे अडतो ते बोटांनी ऐकायचं, तिथेच घासायचं, परत सरकवायचा. ह्या खणाचा अर्धा मिलिमीटर आणि त्याचा पाव, असं काही म्हणायची सोयच नव्हती. हा खण ह्या घरात जातो की नाही, एवढंच. वरची बाजू कुठली हे विसरू नये म्हणून खूण करायला पेन्सिल नव्हती. आईने प्रत्येक खणाच्या आत कुंकवाचं बोट लावून दिलं.

दुपारी घासता घासता आई म्हणाली, "भांडलीस त्यांच्याशी?"

"मग काय करू? ते मला हरवायलाच बसलेत."

"पहाटे चारला उठून बसले होते. त्या तुझ्या मशीनच्या फटीतला भुसा काढत. दाढीच्या ब्रशनं." ती खणावर हात फिरवत होती. "मागच्या महिन्यात मला म्हणाले होते, औंदा हत्यारं पुजायची नाहीत. बंदच करायचंय तर पुजायची कशाला."

मी घासायची थांबले. आण्णा बाहेर अंगणात आमच्याकडे पाठ करून बसले होते. जाऊन विचारावंसं वाटलं, पण सकाळी मी जे बोलले होते त्यानंतर कुठल्या तोंडाने विचारणार? आणि ते काही बोलले नव्हतेच. ठरलेलं होतं ते ठरलेलंच होतं.

दसऱ्याला सूर्य उगवायच्या आत आण्णांनी उत्तरपूजा केली. माळ काढून राऊटर दोन्ही हातांनी माझ्याकडे दिला. मी प्लग लावला, खटका दाबला. काहीच नाही. गावात वीजच नव्हती. डीपी जळली होती.

नऊ वाजले, वीज नाही. साडेनऊला टेम्पो आला. बारा रिकामी घरं घेऊन कपाट टेम्पोत चढलं. वाटेत मी आणि आण्णा मागे कपाट धरून बसलो होतो. दोघंही त्या बारा भोकांकडे बघत होतो.

डॉक्टर कोरेंनी कपाटाभोवती एक चक्कर मारली. "ही दोन रांगांची घरं रिकामी कशी?"

"राहिले," मी म्हणाले. "पुरं झालं नाही."

"बरं. आणि ही कडेची रांग बारीक का?"

"पात्याची जाडी धरायला विसरले."

त्या हसल्या. "बारीकच बरी. गोळ्यांच्या छोट्या बाटल्या मोठ्या खणात नुसत्या लोळत बसतात. आणि रिकाम्याचं काय, औषधंच सध्या तीस प्रकारची आहेत." त्यांनी मधल्या रांगेतला एक खण ओढला, आत बोट फिरवलं आणि ढकलून बंद केला.

तो बंद झाला आणि त्याच्या खालचा खण आपोआप बोटभर बाहेर आला.

डॉक्टर एक पाऊल मागे सरकल्या. "अगंबाई! हे काय?"

त्यांनी तो बंद केला. वरचा बाहेर आला. दवाखाना बघायला आलेली चारपाच माणसं गोळा झाली. कुणीतरी म्हणालं, स्प्रिंग बसवलीय. मला कळलं होतं. खण इतके घट्ट आणि इतके सहज बसले होते की आतली हवा फटीतून निघू शकत नव्हती. ती मागून शेजारच्या खणाला ढकलत होती.

"हवेचा दाब आहे," मी सांगायला लागले, "म्हणजे रांगेच्या मागे बंद पोकळी आहे, आणि..."

आण्णा पुढे आले. त्यांनी एक खण अगदी हळू ढकलला आणि खालचा बाहेर येताना बघितला. मग दुसऱ्या रांगेतला. मग तिसऱ्या. सहाच्या सहा रांगा त्यांनी करून बघितल्या. त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता.

"माझ्या वडलांच्या हातनं एकदा झालं होतं असं," ते डॉक्टरांना म्हणाले. "एकाच कपाटाला. माझ्या हातनं कधी झालं नाही."

परत येताना टेम्पोत मी म्हणाले, "आण्णा, पुरं नाही झालं."

"दिसलं मला," ते म्हणाले, आणि रस्ताभर बाहेर बघत राहिले.

दुपारी एकला वीज आली. जेवण झाल्यावर मी उरलेल्या बारा खणांच्या फळ्या टेबलावर घेतल्या. शेड राहो न राहो, डॉक्टरांचे खण द्यायचेच होते. चार खाचा पाडून झाल्या तेव्हा आण्णा शेजारी येऊन उभे राहिले.

"दे इकडं."

"काय?"

"ते. राऊटर."

त्या दिवसापर्यंत त्यांनी तो चालू असताना कधी हातात धरला नव्हता. मी फळी आवळून दिली, दोन मुठी कशा धरायच्या ते दाखवलं. त्यांनी खटका दाबला आणि राऊटर उजवीकडून डावीकडे नेला. व्हायचं तेच झालं. राऊटर फळीवरून असा सुटला की आण्णा त्याच्या मागे तीन पावलं धावले. खाच सापासारखी वळत कडेला जाऊन संपली. त्यांनी खटका सोडला आणि मी श्वास सोडला.

"डावीकडनं उजवीकडं, आण्णा!"

"आधी सांगायला काय झालं होतं?"

"तुम्ही विचारलं नाहीत!"

त्यांनी दुसरी फळी लावायला सांगितली. ह्या वेळी डावीकडून उजवीकडे. राऊटर गुरगुरत, शहाण्यासारखा पुढे गेला. खाच सरळ निघाली. त्यांनी मशीन बंद केलं, पण मुठी सोडल्या नाहीत. उजवा खांदा जरासा फिरवून बघितला, जणू तिथे काहीतरी असायला हवं होतं आणि ते सापडत नव्हतं.

"वैजू, ह्याला खांदा लागतच नाही की."

"नाही लागत, आण्णा. मशीन ओट्याच्या उंचीवर नुसतं सरकवायचं."

"मग हे आधी का नाही सांगितलंस?" असं म्हणून त्यांनी तिसरी फळी स्वतःच आवळली.

ती अर्धी झाली असेल, तेव्हा दारात बाबासाहेब नलवडे आले. पांढरी टोपी, हातात आपट्याची पानं, मागे खताच्या पोत्यांचा ट्रॅक्टर. आण्णांनी मशीन बंद केलं, नमस्कार केला.

"दसऱ्याच्या शुभेच्छा, शामराव," नलवडे म्हणाले. "म्हटलं, किल्ली घेऊन टाकावी. तेवढी..."

आण्णांनी खटका दाबला.

नलवड्यांचे ओठ हलत राहिले. एकदा त्यांनी कुलपाकडे बोट केलं, एकदा ट्रॅक्टरकडे. आण्णांनी दोन्ही हात मशीनवर ठेवून नुसती मान हलवली, ऐकू येत नाही म्हणून. फळी संपली. मी पुढची देऊ की नको म्हणून थांबले, तर त्यांनी माझ्याकडे डोळे वटारले. मी पुढची दिली.

नलवडे अजून पाचेक मिनिटं उभे होते. मग आपट्याची पानं टेबलाच्या कोपऱ्यावर, भुशात, ठेवली आणि खताला दुसरी जागा बघायला निघून गेले.